जमिनीतून पाणी फुटलं, आता घर कसं सावरायचं?



नदीचा पूर सगळ्यांना दिसतो. पण आपल्या कोकणात दुसरंही एक पाणी घरात येतं. त्याला ना आवाज, ना लोंढा. सकाळी उठावं तर माजघराच्या कोपऱ्यात ओल, दुपारपर्यंत लादीच्या सांध्यातून बुडबुडे आणि संध्याकाळी घोटाभर पाणी. दाराला फळी लावली, उंबऱ्याशी मातीच्या गोणी रचल्या, तरी उपयोग नाही, कारण पाणी दारातून आलेलंच नसतं. ते पायाखालून येतं. कुणी म्हणतं उमाळा फुटला, कुणी म्हणतं पाझर फुटला.

हे पाणी ओसरल्यावर आपण सगळ्याच एक गोष्ट करतो. गणपती तोंडावर आलेले असतात, म्हणून घाईघाईने धुतो, पुसतो, सिमेंट मारतो, रंग काढतो. वर्षभरात तो रंग पोपडे धरून गळतो, लादी पोकळ वाजायला लागते आणि गटातून घेतलेल्या कर्जाचे हप्ते मात्र चालूच राहतात. असं पाणी आलेलं घर कसं सावरायचं, कुठे घाई करायची आणि कुठे मुळीच करायची नाही, हे या लेखात क्रमाने बघू या.

हे पाणी येतं कुठून?

आपल्याकडे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास आणि कित्येक गावांत त्याहून जास्त पाऊस पडतो. त्यातला मोठा वाटा जुलै-ऑगस्टचा. आपला जांभा दगड भोकाभोकांचा. पाऊस त्यातून सरळ खाली झिरपतो. खाली चिकण मातीचा किंवा काळ्या कातळाचा थर लागला की पाण्याला आणखी खाली जाता येत नाही. मग ते आडवं सरकत उताराच्या दिशेने निघतं आणि जिथे वाट मिळेल तिथे बाहेर येतं. बांधाच्या पायथ्याशी आलं तर आपण त्याला झरा म्हणतो, घरात आलं की संकट म्हणतो. पाणी एकच.

त्रास होणारी घरं बहुतेक तीन तऱ्हेची असतात. डोंगराची कड कापून बांधलेली, ज्यांची मागची भिंत मातीला टेकलेली असते. भातखाचरात भराव टाकून बांधलेली. आणि ज्यांचं जोतं अंगणापेक्षा जेमतेम वीतभर उंच आहे अशी.

पाणी जमिनीतलं आहे की वरचं, हे ओळखणं सोपं आहे. वरून आलेलं पाणी गढूळ असतं आणि पाऊस थांबला की थोड्या वेळात ओसरतं. जमिनीतलं पाणी बहुधा स्वच्छ आणि गार असतं. मोठ्या पावसानंतर काही तासांनी, कधी एक-दोन दिवसांनीही ते वर येतं आणि पाऊस उघडल्यावरही येतच राहतं. तुमच्या विहिरीकडे बघा. विहीर काठोकाठ आली असेल, तर घराखालची जमीनही तशीच भरलेली आहे हे समजा.

आधी जिवाची काळजी

घर नंतर. आधी या गोष्टी बघा.

वीज : घरात पाणी असताना ओल्या हातांनी किंवा पाण्यात उभं राहून कुठल्याही बटणाला हात लावू नका. मेन स्विचपर्यंत कोरड्या पायांनी जाता येत असेल तरच तो बंद करा. जाता येत नसेल तर वायरमनला बोलवा किंवा १९१२ वर फोन करून बाहेरून लाइन बंद करायला सांगा. पाणी गेल्यावरही वायरिंग तपासून घेतल्याशिवाय मेन चालू करायचा नाही. मिक्सर, फ्रिज, पाण्याची मोटार भिजली असेल तर ती सुकवून, दाखवूनच लावायची.

भिंत : मातीच्या भिंतीचा पाया भिजला की ती खालून फुगते. भिंत बाहेर आलेली दिसली, नवीन तडा गेला किंवा दार अचानक अडकायला लागलं, तर त्या खोलीत झोपू नका. गवंड्याला बोलवून टेकू लावून घ्या.

डोंगर : हे नीट वाचा. घरामागच्या कड्यातून आधी कधी नव्हता असा झरा फुटला, स्वच्छ येणारं पाणी एकदम गढूळ झालं, जमिनीला भेगा पडल्या, झाडं किंवा विजेचे खांब कलले, तर ही नुसत्या ओलीची गोष्ट राहत नाही. दरड सुटण्याची ती खूण असू शकते. जुलै २०२१ मध्ये महाड तालुक्यातल्या तळियेत आणि जुलै २०२३ मध्ये खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीत काय झालं, ते आपण विसरलेलो नाही. अशा वेळी भांडीकुंडी गोळा करत बसू नका. माणसं आणि गुरं घेऊन बाहेर पडा, शेजारणींना हाका मारा, सरपंच आणि पोलीस पाटलांना कळवा.

पाय : चिखलात, पाण्यात उघड्या पायांनी जाऊ नका. उंदीर-गुरांच्या मुतामुळे दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो. पायाला छोटी जखम असली तरी जंतू आत जातात. गमबूट घाला, नसतील तर जखमेवर पट्टी आणि वरून प्लॅस्टिक बांधा. पाण्यात काम केल्यानंतरच्या दिवसांत ताप आला, अंग मोडून आलं, पोटऱ्या दुखल्या, डोळे लाल झाले, तर घरगुती काढ्यावर दिवस काढू नका. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जा आणि “मी पाण्यात काम केलंय” हे सांगा. प्रतिबंधाच्या गोळीबद्दल आशाताईंना विचारा. गरोदर असाल तर ते आधी सांगा.

साप-विंचूही कोरडी जागा शोधत घरात येतात. कोपऱ्यातलं सामान हाताने न ओढता काठीने हलवा. दंश झालाच तर मंत्र-तंत्र नको. १०८ ला फोन करून थेट दवाखाना गाठा.

झाडू हातात घेण्याआधी फोटो

साफसफाईला लागण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. पाण्याची रेघ भिंतीवर कुठपर्यंत आली ती, पाण्यात उभं असलेलं सामान, भिजलेलं धान्य, पडलेला गिलावा, सगळं टिपा. भिंतीजवळ एक काठी किंवा टेप उभी धरून फोटो काढला तर पाणी किती इंच होतं ते स्पष्ट दिसतं. लगेच तलाठ्यांना आणि ग्रामपंचायतीला लेखी कळवा आणि अर्जाची पोच घ्या.

जमिनीतल्या पाण्याचं दुखणं असं, की “नदी आलीच नाही, मग पूर कसला?” असा प्रश्न विचारला जातो. पंचनाम्याच्या वेळी गप्प बसू नका. २४ तासांत महसूल मंडळात ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला तर त्याला अतिवृष्टी म्हणतात. तुमच्या मंडळात त्या दिवशी किती पाऊस झाला ते तलाठी कार्यालयात विचारा आणि तो आकडा व तारीख अर्जात लिहा. वाडीतल्या पाच-सहा घरांत एकाच वेळी पाणी फुटलं असेल तर अर्ज एकत्र द्या. एकटीच्या अर्जापेक्षा वाडीचा अर्ज वजनदार ठरतो.

पाणी उपसायची घाई नको

घरात पाणी दिसलं की हात आपोआप बादलीकडे जातो. पण बाहेरची जमीन पाण्याने भरलेली असताना तुम्ही जितकं उपसाल, तितकंच पुन्हा वर येणार. मोठा पंप लावून जोरात उपसलं तर त्याहून वाईट होऊ शकतं. आतलं पाणी एकदम कमी झालं की खालच्या पाण्याचा दाब जमिनीवर येतो. कोबा फुगतो, लाद्या उचलल्या जातात आणि भिंतीखालची बारीक माती पाण्याबरोबर वाहून पाया पोकळ होतो.

म्हणून विहिरीला मोजपट्टी समजा. विहिरीतल्या पाण्याची पातळी घराच्या जमिनीपेक्षा स्पष्ट खाली उतरली, की मग उपसा. रोज सकाळी विहिरीच्या कठड्यापासून दोरी सोडून पाणी किती खाली आहे ते मोजा आणि वहीत लिहा. पातळी उतरायला लागली की दोन-तीन दिवसांत अंदाज येतो. तोवर सामान उंचावर घ्या आणि आलेल्या पाण्याला वाट द्या. सगळ्यात खालच्या कोपऱ्यातून, मोरीतून ते बाहेर जाऊ द्या. पाणी उपसायचंच झालं तर थोडं थोडं.

पेट्रोल किंवा डिझेलवर चालणारा पंप घराच्या आत कधीच ठेवायचा नाही. त्याच्या धुरातला वायू दिसत नाही, त्याला वास येत नाही, पण बंद जागेत तो माणूस मारतो.

पाणी स्वच्छ दिसलं तरी स्वच्छ नसतं

वर म्हटलं की हे पाणी निर्मळ दिसतं. पण जमीन भरली की संडासाचे शोषखड्डेही भरतात आणि तिथली घाण त्याच पाण्यात मिसळते. म्हणून घर धुताना ते दूषित आहे असंच धरून चाला.

आधी गाळ काढा. ओला असतानाच काढा, सुकला की तो दगडासारखा होतो. मग साबणाच्या किंवा कपडे धुण्याच्या पावडरच्या पाण्याने खराट्याने घासा, साध्या पाण्याने धुवा. घासून झाल्यावरच ब्लीचिंग पावडरचं पाणी फिरवा. घाणीवर ब्लीचिंग टाकून उपयोग होत नाही, त्याची ताकद घाणीतच संपते.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. ब्लीचिंग पावडर आणि संडास धुण्याचं अ‍ॅसिड कधीही एकत्र करू नका. त्यातून निघणारा वायू छाती जाळतो. आणि शेणाने सारवलेल्या जमिनीवर ब्लीचिंगचं पाणी ओतू नका. तिथे भिजलेला वरचा थर खरवडून काढणं हाच उपाय.

संडासाची टाकी तुंबली तरी विहीर काठोकाठ असताना टाकी उपसून घेऊ नका. रिकामी टाकी खालच्या पाण्याने उचलली जाते किंवा तडकते. पातळी उतरेपर्यंत थांबा. त्या दिवसांत शेजारचा, उंचावरचा संडास वापरा.

काय ठेवायचं, काय टाकायचं?

जीव तुटतो, पण भिजलेलं तांदूळ, कडधान्य, शेंगदाणे, पीठ टाकूनच द्यावं लागतं. सुकवून खाल्लं तरी त्यात बुरशीचं विष राहतं आणि ते शिजवल्याने जात नाही. तेच धान्य गुरांना किंवा कोंबड्यांनाही घालू नका. मुडा किंवा कणगी फक्त बुडाशी भिजली असेल तर वरचं कोरडं धान्य लगेच वेगळं काढा. एक दिवस थांबलात तर ओल वर चढते.

स्टील, काच, पितळेची भांडी साबणाने घासून, उकळत्या पाण्यातून काढून वापरता येतात. लाकडी पाट-पेट्या सावलीत सुकवा. थेट उन्हात ठेवल्या तर फाटतात. भिजलेली कापसाची गादी आतून लवकर सुकत नाही. संडासाचं पाणी लागल्याची शंका असेल तर ती टाका. गोधड्या, चादरी गरम पाण्यात धुवून कडक उन्हात घाला.

आणि गटाची कागदपत्रं! बचतीची वही, इतिवृत्त, कर्जाची खतावणी, पासबुकं भिजली असतील तर चिकटलेली पानं ओढू नका. वही सावलीत पंख्याखाली उभी, पानं पसरून ठेवा. थोडी सुकली की पानांमध्ये कोरं सुती कापड किंवा कोरे कागद घाला आणि ते बदलत राहा. इस्त्री फिरवू नका, शाई पसरते. वाचता येणाऱ्या प्रत्येक पानाचा लगेच फोटो काढा. पुढच्या बैठकीत सगळ्या सदस्यांसमोर आकडे जुळवून नवीन वहीत उतरवा आणि सह्या घ्या. यापुढे गटाची पेटी जमिनीवर नको, फळीवर हवी.

घर सुकवणं, इथेच खरा कस

घर धुऊन झालं की काम संपलं असं वाटतं. खरं काम इथून पुढे. वरून कोरडी दिसणारी भिंत आत महिनोन्‌महिने ओली असते. भिंत पाणी दिव्यातल्या वातीसारखं वर ओढते. म्हणून पाणी घोटाभर आलं तरी ओल कंबरेपर्यंत चढू शकते.

ढोबळ अंदाज असा धरतात, की हवा चांगली असेल तर भिंतीची एक इंच जाडी सुकायला साधारण एक महिना लागतो. दोन्ही बाजू मोकळ्या असल्या तर वेळ कमी लागतो. आपल्या चिऱ्याच्या भिंती नऊ इंच, बारा इंच, जुन्या घरांत त्याहून जाड. शिवाय जुलै-ऑगस्टमध्ये हवाच पाण्याने भरलेली, ती भिंतीतलं पाणी काय ओढून घेणार? आपल्याकडे खरं सुकणं सुरू होतं ते पाऊस परतल्यावर, ऑक्टोबरच्या उन्हात. म्हणजे जुलैत भिजलेली भिंत फेब्रुवारी-मार्चपर्यंत सुकली तर लवकर सुकली म्हणायची.

तोवर हे करा :

१) कपाट, पलंग, पेट्या भिंतीपासून हातभर पुढे ओढा. विटांवर चढवून ठेवा, म्हणजे खालून हवा खेळेल.

२) जमिनीवरचं प्लॅस्टिक, रेक्झीन, सतरंज्या काढा. त्यांच्याखाली ओल कोंडते आणि बुरशी धरते.

३) उघडीप असेल तेव्हा समोरासमोरची दारं-खिडक्या उघडा. धो धो पाऊस असताना बंद ठेवा. वीज तपासून झाली असेल तर पंखा लावा.

४) भिजलेल्या भागाला सिमेंटचा गिलावा किंवा ऑइलपेंट असेल तर तो ओल आत कोंडून ठेवतो. गवंड्याला दाखवून ओलीच्या रेघेच्या वर फूट-दीड फुटापर्यंत तो काढून टाका, म्हणजे भिंत श्वास घेईल. मातीच्या भिंतीला आधी हात लावू नका. ती भक्कम आहे ना, ते बघूनच गिलावा काढायचा.

५) भिंतीवर पांढरी पूड फुटली तर तो लोणा, म्हणजे आतलं मीठ. ती पाण्याने धुऊ नका, मीठ पुन्हा आत जातं. कोरड्या ब्रशने झाडा, खाली कागद धरा आणि पूड घरापासून लांब टाका. पुन्हा फुटेल, पुन्हा झाडा. लोणा फुटतोय याचा अर्थ भिंत अजून पाणी बाहेर टाकतेय.

६) काळी-हिरवी बुरशी कोरडी झाडू नका, तिची पूड नाकात जाते. तोंडाला ओढणी बांधा, साबणाच्या पाण्याने पुसा आणि जागा सुकवा. दम्याच्या माणसाला, तान्ह्या बाळाला त्या खोलीत झोपवू नका.

७) बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून घर सुकवायचा प्रयत्न कधीही करू नका. त्याने जीव जातो.

सुकलं की नाही, बिनखर्चाची परीक्षा

दीड फूट लांब, दीड फूट रुंद असा जाड पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा घ्या. तो जमिनीवर ठेवून चारही कडा चिकटपट्टीने घट्ट बंद करा. एक दिवस-रात्र तसाच राहू द्या. दुसऱ्या दिवशी बघा. प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला थेंब असतील किंवा जमीन काळपट झाली असेल, तर खालून ओल अजून येतेय. आत कोरडं आणि बाहेरून थेंब असतील, तर ती हवेतली ओल. भिंतीलाही हीच परीक्षा करता येते. ऑक्टोबरअखेर एकदा, मग दर महिन्याला करा आणि तारीख लिहून ठेवा. लागोपाठ दोन महिने प्लॅस्टिकखाली कोरडं राहिलं, तर मोठ्या खर्चाचा विचार करा.

मग गणपतीला काय?

गणपतीला घर उजळ हवंच. मुंबईचे चाकरमानी येणार, पाहुणे येणार, ओल्या भिंतींचं घर कसं दाखवायचं? भावना खरी आहे, पण तिच्यापायी कर्ज नको. चुन्याचा पातळ हात मारा. चुना स्वस्त असतो, भिंतीचा श्वास कोंडत नाही आणि बुरशीलाही थोडा आळा घालतो. मखर ओल्या भिंतीपासून फूटभर पुढे मांडा, लाकडी चौरंगाखाली विटा द्या आणि रोषणाईच्या वायरी ओल्या भिंतीला टेकू देऊ नका. बाप्पाला चुन्याची भिंत चालते.

ऑइलपेंट, पुट्टी, नवीन गिलावा, नवीन लादी यातलं काहीही ओल्या घरावर नको. समजा एका ताईने ऑगस्टमध्ये गटातून ३०,००० रुपये घेतले, महिना एक टक्का व्याजाने, आणि लगेच लादी बसवली. व्याज महिन्याला ३०० रुपयांपासून सुरू झालं. पुढच्या पावसात लादी उचलली गेली, तर हप्तेही भरायचे आणि लादीही पुन्हा बसवायची. तेच काम फेब्रुवारीत केलं तर तोवरचं व्याज वाचतं आणि कामही टिकतं. म्हणून कर्ज दोन टप्प्यांत घ्या. आत्ता फक्त साफसफाई, वायरिंग आणि धान्यापुरतं. डागडुजीचं कर्ज परीक्षा पास झाल्यावर.

जमीन पुन्हा करताना

मातीची जमीन असेल तर भिजलेला थर खरवडून बाहेर टाका. खालचं सुकू द्या. मग नवी माती घालून, थोडं पाणी शिंपडत धुम्मसाने ठोका, चोपण्याने चोपा. शेणाने सारवण सगळ्यात शेवटी, जमीन कोरडी झाल्यावर. ओल्या जमिनीवर सारवलं तर शेणालाच बुरशी येते.

कोबा किंवा लादी करायची असेल तर वरच्या थरापेक्षा खालच्या थरांवर पैसे घाला. क्रम असा : जमीन खोदून नीट ठोकायची. त्यावर चार ते सहा इंच स्वच्छ खडी, त्यात माती किंवा भुकटी नको. खडीच्या मोकळ्या जागेतून पाणी वातीसारखं वर चढू शकत नाही, हेच तिचं काम. त्यावर वाळूचा पातळ थर, मग जाड प्लॅस्टिकचा कागद. त्याचे जोड एकावर एक फूटभर चढवायचे आणि कडा भिंतीला वर वळवायच्या. त्यावर काँक्रीट आणि शेवटी लादी. गवंडी म्हणेल, “प्लॅस्टिक कशाला, सिमेंट जास्त घालू.” ऐकू नका. सिमेंटमधूनही ओल चढते.

पण एक लक्षात घ्या. प्लॅस्टिक ओल अडवतं, दाबाने येणारं पाणी अडवत नाही. त्यासाठी पाण्याला दुसरी वाट द्यावी लागते.

पाण्याला घराबाहेरच वळवा

घराच्या वरच्या, चढाच्या बाजूला चर खणा. भिंतीपासून तीन-चार फूट लांब, घरातल्या जमिनीपेक्षा निदान फूटभर खोल, पण घराच्या पायापेक्षा खोल नाही. तळाला दर दहा फुटांना एक-सव्वा इंच उतार द्या. तळात भोकं पाडलेला पीव्हीसी पाइप, भोकं खालच्या बाजूला, आणि वर खडी भरा. खडीभोवती पाणी झिरपणारं जिओटेक्स्टाइल कापड गुंडाळलं तर ती मातीने बुजत नाही. पाइपचं तोंड खाली वहाळात सोडा. शेजारणीच्या अंगणात नको, नाहीतर आपलं पाणी तिच्या घरात फुटेल. मागे मोठा कडा असेल तर कड्याच्या पायथ्याशी खणण्याआधी जाणकाराला जागा दाखवा.

त्याच्या जोडीला : पागोळ्यांचं पाणी भिंतीच्या बुडाशी पडू देऊ नका, पन्हळ लावून लांब न्या. अंगणाचा उतार घरापासून बाहेरच्या दिशेने करा. सांडपाण्याचा शोषखड्डा घराच्या वरच्या अंगाला नको. ही सगळी कामं एप्रिल-मेमध्ये, आगोटीच्या आधी. जूनमध्ये खणायला गेलात तर चराचं तळं होईल.

विहीर विसरू नका

ज्या पाण्याने घर भिजवलं तेच विहिरीत आहे. विहीर शुद्ध होईपर्यंत पाणी उकळूनच प्या. चांगल्या प्रतीची ब्लीचिंग पावडर नेहमीच्या वापराला १००० लिटरला अडीच ग्रॅम लागते. विहिरीचा व्यास ३ मीटर आणि पाण्याची खोली ४ मीटर असेल तर त्यात साधारण २८,००० लिटर पाणी असतं, म्हणजे सुमारे ७० ग्रॅम पावडर. पाणी दूषित असेल तर जास्त लागते. ते प्रमाण ग्रामपंचायतीचे जलसुरक्षक किंवा आरोग्यसेवक यांना विचारून ठरवा. पावडर बादलीत कालवा, दहा मिनिटं स्थिर ठेवा. तळाला बसलेला चुना टाकून द्या आणि वरची निवळी विहिरीत सोडून पोहऱ्याने ढवळा. निदान एक तास पाणी भरू नका. पुढे पाण्याची तपासणी करून घ्या. जलजीवन मिशनमध्ये गावोगावी पाच-पाच महिलांना तपासणी किट वापरायला शिकवलंय. तुमच्या गावात त्या कोण आहेत ते शोधा. कदाचित तुमच्याच गटात असतील.

गटाच्या पुढच्या बैठकीत

हे काम एकटीचं नाही. बैठकीत हे प्रश्न घ्या आणि उत्तरं इतिवृत्तात लिहा :

• कोणाकोणाच्या घरात जमिनीतून पाणी येतं? किती इंच, किती दिवस राहतं?

• त्यातल्या कुणाकडे तान्हं बाळ, म्हातारं माणूस, गरोदर बाई आहे? पावसाच्या जोरात त्यांनी कोणाच्या घरी जायचं?

• वाडीतल्या एका विहिरीची पातळी जून ते सप्टेंबर रोज कोण मोजेल?

• आणीबाणीला ग्रामसंघाच्या व्हीआरएफ निधीतून मदत मागायची तर अर्ज कोण करेल, ठराव कधी होईल?

• साफसफाईला एकमेकींच्या घरी पाळीपाळीने जायचं का? गमबूट, खराटे, ब्लीचिंग पावडर गटाच्या नावे घेऊन ठेवायची का?

• पाच-सहा घरांना मिळून एकच चर काढता येईल का? पाणी सगळ्यांच्या घराखालून एकाच वाटेने जातं, मग चरही एकच पुरेल.

शेवटचा मुद्दा कर्जाचा. पाणी आलेल्या घरातली सदस्य पैसे मागायला आली तर तिला नाही म्हणू नका, पण “ताई, प्लॅस्टिकची परीक्षा केलीस का?” एवढं जरूर विचारा. त्या एका प्रश्नाने तिची लादी वाचेल आणि गटाचा पैसाही वाचेल.